बोर्ड कार्डावरून बूट होत नाही: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांवर उत्पादन मोजणारे बोर्ड, सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांतले ठिबकचे कंट्रोलर आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. तिन्हीकडून येणारी तक्रार एकच असते: "काल चालू होतं, आज उठतच नाही." बोर्ड म्हणजे मायक्रो एसडी कार्डावरून लिनक्स चालवणारा छोटा संगणक. तो बहुधा रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') असतो, कधी बीगलबोन ब्लॅक, कधी ऑलविनर किंवा रॉकचिपच्या चिपचा एखादा स्वस्त बोर्ड. सगळ्यांना एक विनंती आधीच करतो: कार्ड काढून लगेच नवी इमेज (पूर्ण सिस्टिमची नक्कल असलेली फाइल) लिहू नका. बोर्ड कुठे अडकला होता याचा पुरावा त्यात पुसला जातो, आणि खरं कारण तसंच राहिलं तर नवं कार्डही त्याच वाटेने जातं.

बूट होत नाही म्हणजे बोर्ड नेमका कुठे अडकतो?

प्रोसेसरच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. करंट मिळाला की सगळ्यात आधी तो चालतो. कार्डावर कुठे काय शोधायचं हे त्याला ठरवून दिलेलं असतं आणि ते आपल्याला बदलता येत नाही. पाय ३ आणि त्याआधीचे बोर्ड पहिल्या फॅट पार्टिशनमध्ये (पार्टिशन म्हणजे कार्डाचा एक भाग, फॅट ही त्यात फाइली मांडायची पद्धत) 'बूटकोड डॉट बिन' ही फाइल शोधतात. पाय ४ आणि पाय ५ मध्ये हा टप्पा बोर्डावरच्या ईईप्रॉम या छोट्या मेमरी चिपमध्ये आहे, त्यामुळे त्यांना कार्डावर ही फाइल लागत नाही. बीगलबोनची चिप 'एमएलओ' नावाची फाइल बघते. ऑलविनरच्या चिपा फाइल बघतच नाहीत. त्या कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबी अंतरावर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) शोधतात, आणि रॉकचिपच्या ३२ केबीवर.

त्यानंतर बूटलोडर चालतो, तो कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा मेमरीत आणतो, आणि कर्नेल मुख्य फाइल सिस्टिम म्हणजे रूट पार्टिशन जोडून घेतं. अडचण यातल्या कोणत्या पायरीवर आली ते कळलं की निम्मं काम झालं. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मी पुन्हा पुन्हा पायरीच विचारली आहे.

लाल दिवा लागतो, पण हिरवा एकदाही लुकलुकत नाही. कार्ड गेलं का?

लगेच तसं समजू नका. लाल दिवा पॉवरचा, हिरवा कार्डाच्या वाचनाचा. पाय ३ किंवा त्याआधीच्या बोर्डावर हिरवा अजिबात हलत नसेल, तर रॉमला कार्डावर कामाचं काहीच सापडलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. कार्ड नीट बसलेलं नसेल, इमेज चुकीची लिहिली असेल, सॉकेटची पिन वाकली असेल किंवा कार्ड खरंच गेलं असेल. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चालू बोर्डातलं कार्ड यात घालून बघा आणि यातलं तिकडे. दोन मिनिटांत दोष कार्डाचा की बोर्डाचा ते कळतं.

पाय ४ असेल तर कार्ड काढून ठेवा, एचडीएमआयला टीव्ही लावा आणि बोर्ड चालू करा. ईईप्रॉम शाबूत असेल तर पडद्यावर बूटलोडरची माहिती दिसते. काहीच दिसलं नाही तर रास्पबेरी पाय इमेजरमधून बूटलोडर दुरुस्तीची इमेज एका जादा कार्डावर लिहून ते बोर्डात घाला. दुरुस्ती झाली की हिरवा दिवा न थांबता भराभर लुकलुकतो आणि पडदा हिरवा होतो. पाय ५ वर लाल आणि हिरवा मिळून एकच दिवा आहे, तेव्हा जुन्या बोर्डांची सवय तिथे लावू नका.

हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तसंच करतो. हे काय?

हा बोर्डाने दिलेला निरोप आहे, मोजून घ्या. चार वेळा म्हणजे 'स्टार्ट डॉट ईएलएफ' ही फर्मवेअरची (चिपच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची) फाइल सापडली नाही. सात वेळा म्हणजे कर्नेलची फाइल सापडली नाही. आठ वेळा म्हणजे रॅमची गडबड, तिथे कार्ड बदलून उपयोग नाही. इंद्रधनुष्यी रंगांचा चौकोन पडद्यावर येऊन तिथेच गाडी थांबली, तर फर्मवेअर चाललं पण कर्नेल सुरू झालं नाही असं समजा.

सिरियल केबल खरंच लागते का? आमच्याकडे टीव्ही आहे.

लागते. बोर्ड चालू होताना जो मजकूर पाठवतो तो या केबलने लॅपटॉपवर दिसतो. टीव्हीवर चित्र येण्याआधी जे बिघडतं ते टीव्ही दाखवू शकत नाही. यूएसबी टू टीटीएल केबल स्वस्त मिळते, पण घेताना ती ३.३ व्होल्टची आहे ना ते बघा. मागाच्या जुन्या कंट्रोलरसाठी कारखान्यात पडून असलेली आरएस-२३२ केबल बोर्डाच्या पिनांना थेट लावलीत तर प्रोसेसर जळेल. तिथले व्होल्टेज फार वेगळे असतात.

पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबरवर बोर्ड पाठवतो आणि १० नंबरवर घेतो. केबलची आरएक्स (घेणारी) वायर बोर्डाच्या टीएक्सला (पाठवणाऱ्या पिनेला), टीएक्स आरएक्सला. केबलची लाल पॉवर वायर मोकळी सोडा. 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी'मध्ये 'इनेबल_यूआर्ट=१' ही ओळ टाका. बीगलबोन ब्लॅकवर त्यासाठी सहा पिनांचा जे१ हेडर आहे. लॅपटॉपवर पुटी किंवा मिनिकॉम उघडून वेग ११५२०० ठेवा. रॉकचिपचे बरेच बोर्ड मात्र १५००००० वर बोलतात. अक्षरं दिसण्याऐवजी कचरा दिसला तर आधी वेग तपासा.

सिरियलवर काहीतरी इंग्रजी येतं आणि थांबतं. कोणत्या ओळीचा काय अर्थ?

बीगलबोनवर नुसता 'सीसीसीसी' येत राहिला तर रॉमला कार्डावर बूटलोडर मिळाला नाही आणि तो आता सिरियलवरून फाइल मागतो आहे. यूबूट हा बूटलोडर चालू होऊन 'कार्ड डिड नॉट रिस्पॉन्ड टू व्होल्टेज सिलेक्ट' म्हणाला तर कार्ड उत्तरच देत नाही: सॉकेट, पॉवर किंवा मेलेलं कार्ड.

कर्नेल चालू झाल्यावर 'एमएमसी०: एरर -११०' दिसलं तर कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, आणि -८४ दिसलं तर उत्तर आलं पण वाटेत बिघडून आलं. -८४ मागे बहुतेकदा मळलेले संपर्क, हलणारं सॉकेट किंवा कार्ड लांब ठेवण्यासाठी लावलेली एक्स्टेंशन पट्टी असते. ती पट्टी काढून टाका.

'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' किंवा 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस' असं आलं तर आनंदाची गोष्ट ही की कर्नेलपर्यंत सगळं ठीक आहे. रूट पार्टिशन सापडत नाही किंवा त्याची फाइल सिस्टिम मोडली आहे. एका बोर्डाचं कार्ड पार्टिशन बदलून दुसऱ्यावर घेतलं आणि 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी'मधला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) जुनाच राहिला, तरी नेमका हाच संदेश येतो. लॅपटॉपवर 'बीएलकेआयडी' चालवून दोन्ही ताडून बघा.

लाइट गेली, परत आली, आणि बोर्ड उठलाच नाही. आम्ही तर त्या वेळी कार्डावर काही लिहीत नव्हतो!

सोलापुरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्यात दोष फक्त लाइट जाण्याचा नाही. पाळी संपली की कारखान्यात मेन स्विच ओढला जातो. बोर्डाच्या दृष्टीने ती रोजचीच अचानक गेलेली लाइट आहे.

"लिहीत नव्हतो" हेही पूर्ण खरं नसतं. तुमचा प्रोग्रॅम गप्प असला तरी लिनक्स लॉग लिहितो, वेळ साठवतो, कधी स्वॅप वापरतो. शिवाय कार्ड स्वतः आतून काम करत असतं. फ्लॅश मेमरीत एखादी जागा थेट खोडून तिथेच लिहिता येत नाही. आधी मोठा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून कार्डातला कंट्रोलर जुना डेटा इकडून तिकडे हलवत राहतो आणि कोणता डेटा कुठे गेला याची वही ठेवतो. नेमकी ती वही लिहिताना करंट गेला, तर महिनोन्महिने कुणी हात न लावलेली कर्नेलची फाइलसुद्धा बिघडू शकते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमची जर्नल म्हणजे नोंदवही फाइल सिस्टिमचा हिशोब सांभाळते, कार्डाच्या पोटातला हिशोब तिच्या हातात नाही.

आधी दुरुस्ती. कार्ड लिनक्सच्या लॅपटॉपमध्ये घाला, पार्टिशन जोडलेली असतील तर अनमाउंट करा, मग पहिल्यावर 'एफएससीके डॉट व्हीफॅट' आणि दुसऱ्यावर 'ई२एफएससीके -एफ' चालवा. बरीच कार्डं एवढ्यावर उठतात. बूट पार्टिशनमधल्या एखाद्या फाइलचा आकार शून्य दिसला तर ती त्याच आवृत्तीच्या चांगल्या कार्डावरून आणा.

मग बंदोबस्त. जो बोर्ड नुसता मोजतो आणि आकडे सर्व्हरला पाठवतो, त्याचं रूट पार्टिशन लिहिण्यासाठी उघडं ठेवायची गरजच नाही. रास्पबेरी पायच्या 'रास्पी-कॉन्फिग'मध्ये परफॉर्मन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. तो चालू केला की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि लाइट गेली की विरून जातं. बूट पार्टिशनही रीड-ओन्ली करायचं का असं तो विचारतो, त्याला हो म्हणा. आकडे जपायचेच असतील तर तेवढ्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह लावा, सिस्टिमच्या कार्डाला त्यात ओढू नका. बोर्डाला लहान यूपीएस लावून लाइट गेल्याचा इशारा एका जीपीआयओ पिनवर (सिग्नल घेण्या-देण्याच्या पिनेवर) दिलात आणि 'जीपीआयओ-शटडाउन' ओव्हरले चालू केलात, तर बोर्ड स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. कारखानदारांना माझा सल्ला नेहमी हाच असतो: महागड्या कार्डावर पैसे घालण्याआधी या दोन गोष्टी करा.

मोबाइलचा चार्जर चालेल का?

कधी चालतो, आणि म्हणूनच घोळ होतो. चालू होताना प्रोसेसर, वाय-फाय आणि कार्ड एकदम करंट ओढतात. चार्जरवर ३ अँपिअर लिहिलं असलं तरी बारीक वायरच्या लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि बोर्डापर्यंत ५ ऐवजी साडेचारच्या आसपास पोहोचतं. मल्टिमीटर लावायचा तर चार्जरच्या तोंडाशी नको, बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर लावा, म्हणजे २ आणि ६ नंबरच्या पिनांमध्ये, आणि तोही बोर्ड बूट होत असताना. बोर्ड एकदा उठला की 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चालवा. उत्तर शून्य असेल तर पॉवर ठीक. ५०००५ आलं तर व्होल्टेज आत्ता कमी आहे, ५०००० आलं तर मघाशी कधीतरी पडलं होतं. शेडमधले माग एकदम चालू होतात तेव्हा लाइन दबते, तेव्हा हा आकडा सकाळी पाळी सुरू झाल्यावर बघणं जास्त खरं.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पाय ५ साठी ५ अँपिअरचा सांगितला आहे. ३ अँपिअरवरही तो चालतो, पण यूएसबीला मिळणारा करंट मर्यादित ठेवतो.

रीबूट केल्यावर बोर्ड अडकतो, पण वायर काढून लावली की छान चालतो. असं कसं?

हे दुखणं अवघड आहे. कार्डही चांगलं असतं आणि इमेजही, त्यामुळे माणूस चक्रावतो.

यूएचएस म्हणजे वेगवान प्रकारचं कार्ड चालू होताना ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर बोलतं. लिनक्स आलं की वेग वाढवण्यासाठी ते कार्डाला १.८ व्होल्टवर नेतं. एकदा तिकडे गेलेलं कार्ड परत ३.३ वर यायचं तर त्याचा करंट तोडावा लागतो, नुसत्या आज्ञेने ते येत नाही. आता बोर्डाच्या रचनेत रीबूटच्या वेळी कार्डाचा करंट तोडायची सोय नसेल, तर प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, रॉम ३.३ वर हाक मारतो आणि कार्ड १.८ वर बसून राहतं. दोघांचं जमत नाही. वायर काढली की कार्डाचा करंट जातो आणि सगळं सुरळीत होतं.

उपाय दोन. बोर्डावर कार्डाचा करंट तोडणारा स्विच असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नेलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) तो नीट नोंदवलेला आहे का बघा. नसेल तर कार्डाच्या नोंदीत 'नो-१-८-व्ही' ही ओळ घाला. कार्ड मग कायम ३.३ वरच राहील. वेग सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबीपर्यंत उतरेल, पण उत्पादन मोजणाऱ्या बोर्डाला तेवढा वेग भरपूर झाला. लांबच्या बागेतला बोर्ड पुण्यात बसून रीबूट करणाऱ्यांनी हे आधीच तपासून घ्यावं, नाहीतर वायर काढायला सांगोल्याला जावं लागतं.

कार्ड लॅपटॉपला लावलं तर विंडोज "फॉरमॅट करा" म्हणतं, आणि ३२ जीबीचं कार्ड अर्ध्या जीबीचं दिसतं.

फॉरमॅट अजिबात करू नका. विंडोजला लिनक्सचं ईएक्सटी४ पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून ते असं विचारतं. अर्धा जीबी दिसतो ते बूटचं फॅट पार्टिशन आहे. कार्ड बिघडल्याचं हे लक्षण नाही.

इमेज लिहिली, तरी बोर्डाला काहीच सापडत नाही.

विद्यार्थ्यांकडून दोन गोष्टी वारंवार होतात. एक, डाउनलोड केलेली इमेजची फाइल कार्डावर नुसती कॉपी-पेस्ट केली जाते. इमेज कार्डावर बिट न् बिट उतरवावी लागते, इमेजर किंवा एचर या प्रोग्रॅमने. दुसरं, लिनक्सवर 'डीडी' या कमांडने इमेज लिहिताना 'एसडीबी' ऐवजी 'एसडीबी१' दिलं जातं, म्हणजे पूर्ण कार्डाऐवजी एका पार्टिशनच्या आत इमेज ओतली जाते. 'एक्सझेड'मध्ये दाबलेली फाइल इमेजर स्वतः उघडतो, 'डीडी' उघडत नाही. आणि 'एलएसबीएलके'ने डिस्कची नावं पाहिल्याशिवाय 'डीडी' चालवू नका, लॅपटॉपची हार्डडिस्क पुसली जाऊ शकते.

डाउनलोड पूर्ण झालं का हे 'एसएचए२५६सम' ताडून बघा, आणि लिहून झाल्यावर इमेजर पडताळणी करतो ती घाईत रद्द करू नका.

६४ जीबीचं कार्ड चालतं का? एक्सफॅटमुळे अडतं असं ऐकलं.

३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि बहुतेक बूट रॉमना एक्सफॅट कळत नाही, हे खरं. पण पूर्ण इमेज लिहिली की कार्डाची आधीची मांडणी पुसली जातेच, तेव्हा फरक पडत नाही. ज्या बोर्डांवर फाइली हाताने कॉपी करायच्या असतात, उदाहरणार्थ झिंक चिपच्या बोर्डांवर 'बूट डॉट बिन', तिथे मात्र पहिलं पार्टिशन फॅट३२ करून घ्यावं लागतं.

बीगलबोन ब्लॅक नवं कार्ड घालूनही जुनीच सिस्टिम उघडतो, किंवा मध्येच अडकतो.

तो आधी बोर्डावरची ईएमएमसी म्हणजे पक्की बसवलेली मेमरी बघतो, कार्ड नंतर. ईएमएमसीमधला जुना यूबूट तुमच्या कार्डावरची नवी सिस्टिम उचलायला जातो आणि अडखळतो. कार्डाच्या बाजूचं एस२ बटण दाबून धरा आणि मग करंट द्या. क्रम महत्त्वाचा आहे: बटणाची नोंद करंट येताना होते, नंतर रीसेट दाबून होत नाही.

जुन्या पायचं कार्ड नव्या पायमध्ये घातलं. चालेल ना?

इमेज किती जुनी आहे त्यावर आहे. पाय ४ जून २०१९ मध्ये आला, त्याआधीच्या इमेजमध्ये त्याचं फर्मवेअर नाही. पाय ५ ला रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. उलट दिशेने, म्हणजे नवी ३२ बिटची इमेज जुन्या बोर्डात, सहसा चालते.

फाइल बदलतो, जपतो, पुन्हा लावल्यावर जुनीच दिसते.

हे कार्ड संपलं. आयुष्य संपत आलं की काही कार्डं स्वतःला रीड-ओन्ली करतात. लिहिल्यासारखं दाखवतात, त्रुटी देत नाहीत, आणि काढून घातलं की सगळं पूर्वीसारखं. फॉरमॅटही 'यशस्वी' होतो आणि फाइली तशाच राहतात. अशा कार्डावर वेळ घालवू नका. त्यावरचा डेटा वाचता येतो तोवर 'डीडीरेस्क्यू'ने पूर्ण प्रत काढून घ्या. फाइल सिस्टिमची जी काही दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर करा.

कार्ड नकली आहे हे कसं ओळखायचं?

पाकिटावरून ओळखता येत नाही, छपाई हुबेहूब असते. लिनक्सवर 'एफ३राइट' आणि 'एफ३रीड', विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून कार्ड पूर्ण भरा आणि वाचा. ६४ जीबी लिहिलेल्या कार्डात खरे ८ जीबी असतील तर तिथे उघडं पडतं. असं कार्ड सुरुवातीला छान बूट होतं, डेटा खऱ्या मर्यादेपलीकडे गेला की एक दिवस उठत नाही. दुकान नवी पेठेतलं असो की ऑनलाइन, बिल घ्या आणि बोर्डात घालण्याआधी ही तपासणी करा. पूर्ण भरायला वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

मागाच्या शेडमध्ये आणि उन्हाळ्यात वेगळी काळजी लागते का?

लागते. शेडच्या हवेत सुताचे बारीक तंतू सतत उडत असतात, त्यांना तेलाचा अंश लागला की सॉकेटमध्ये चिकट थर बसतो. मायक्रो एसडीचे आठ संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबराने घासू नका, सोन्याचा मुलामा निघतो. सॉकेटमध्ये हवा मारा, टाचणी घालू नका. मागाच्या सांगाड्यावर बोर्ड थेट स्क्रूने बसवलात तर धक्क्यांनी कार्ड सैल होतं. पेटी भिंतीवर घ्या किंवा खाली रबर द्या. मे महिन्यात बाहेर ४२ अंशांच्या पुढे असताना पत्र्याखालची बंद पेटी त्याहून बरीच तापते. आतलं कार्ड लगेच मरत नाही, पण झिजलेल्या फ्लॅशमधला डेटा उष्णतेत लवकर विरतो. पेटी सावलीत, आणि हवा खालून वर जाईल अशी.

मग कोणतं कार्ड घ्यावं?

सतत लिखाण असेल तर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं, जे कॅमेऱ्यांसाठी विकतात. एरवी ए१ दर्जाचं पुरेसं आहे. आकार गरजेपेक्षा मोठा घ्या, कंट्रोलरला झीज वाटून द्यायला जागा मिळते. कारखान्यात प्रत्येक प्रकारच्या बोर्डामागे एक तयार, बूट करून तपासलेलं जादा कार्ड पाकिटात घालून, वर तारीख लिहून ठेवा. रात्रपाळीच्या जॉबरलाही (माग सांभाळणाऱ्यालाही) ते बदलता आलं पाहिजे.

मदत मागताना काय पाठवू?

बोर्डाचं मॉडेल आणि त्यावर छापलेला रिव्हिजन नंबर, इमेजच्या फाइलचं पूर्ण नाव, अडॅप्टर आणि केबलचा फोटो, दिवे कसे लुकलुकतात त्याचा छोटा व्हिडिओ, आणि सिरियलवर आलेला मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटच्या दोनच ओळींचा स्क्रीनशॉट पाठवू नका, खरं कारण बऱ्याचदा वीस ओळी वर असतं. बिघाडाच्या आधी काय घडलं तेही लिहा: लाइट गेली होती, अपडेट केलं होतं, की कुणी पेटी उघडली होती.